अर्धा किलो प्रेशर

बोईसरमध्ये प्रेशर किलोत सांगतात. तारापूर एमआयडीसीतल्या रंगाच्या, कापडाच्या, औषधाच्या कुठल्याही कारखान्यात बॉयलरवाल्याला विचारा, तो म्हणेल, "साडेदहा किलो." पुढचं 'प्रति चौरस सेंटिमीटर' हे शेपूट कोणी लावत नाही, शिफ्टमध्ये तेवढा वेळ नसतो. समुद्राच्या बाजूला अणुऊर्जा केंद्र आहे. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या, त्यांचं पाणी उकळतं ते सत्तर किलोच्या आसपास. २००५-०६ मध्ये ५४० मेगावॉटच्या आणखी दोन आल्या, त्यांचा आकडा त्याहून मोठा. थोडक्यात, नोकरीचं सगळं आयुष्य कुठल्या ना कुठल्या काट्याकडे बघत काढलेला माणूस आमच्याकडे घरटी एक तरी सापडतो. अशा मुलखात सासऱ्यांच्या फियाटचं अर्धा किलो प्रेशर हरवलं. मदतीला कोणी कमी पडलं नाही, हीच अडचण झाली.

गाडी १९७० सालची फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, १०८९ सीसीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. हीच गाडी किरकोळ फेरफार करून १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची टॅक्सी म्हणून अमर झाली. अमर म्हणजे २९ ऑक्टोबर २०२३ पर्यंत. त्या दिवशी शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत संपली आणि अख्ख्या मुंबईने उसासे टाकले. माझे सासरे, म्हणजे अप्पा, पालघरला पडवीत पेपर वाचत होते. ते एवढंच म्हणाले, "आता सुटे भाग स्वस्त होतील."

अप्पांच्या गाडीला विंटेज म्हणायचं की नाही यावर दोन मतं आहेत. जुन्या गाड्यांचे शौकीन १९४० च्या अलीकडच्या गाडीला विंटेज म्हणत नाहीत; ती 'क्लासिक'. सरकार त्या मानाने उदार आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज, आणि तिच्या नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं. मात्र ती रोज फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. ही यादी वाचून मी अप्पांना म्हटलं, "मग आपल्याला काय अडचण? आपली गाडी दुरुस्तीशिवाय कुठे जातेच कुठे?" पण अप्पांनी अर्ज केला नाही. सातपाटीला पापलेट आणायला जाणं यादीत नव्हतं.

ऑइल प्रेशरचा दिवा पहिल्यांदा लागला तो वाघोबाच्या खिंडीत. पालघरहून मनोरला जाताना ही खिंड लागते आणि तिथे वाघोबाचं देऊळ आहे. जाणारा-येणारा थांबून हात जोडतो. अप्पांनी घाट चढवून गाडी बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, हात जोडले आणि डोळे उघडतात तो डॅशबोर्डवर लाल दिवा. सासूबाईंना तो कौल वाटला. अप्पांनी ॲक्सिलरेटरवर जरा पाय दिला, दिवा गेला. पाय काढला, दिवा आला. अप्पांनी तिथल्या तिथे निष्कर्ष काढला की रेस देत राहिलं की देव प्रसन्न राहतो. पुढे बरेच दिवस ही गाडी पालघर-बोईसर रस्त्यावर प्रत्येक नाक्यावर घूं-घूं करत उभी राहायची आणि शिफ्ट सुटायच्या वेळी कंपनीच्या बसचे ड्रायव्हर खाली वाकून बघायचे, म्हाताऱ्याला एवढी घाई कसली.

त्या दिव्याचं म्हणणं काय असतं, ते आधी सांगतो. इंजिनातला क्रँक बेअरिंगमध्ये फिरतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये मिलिमीटरच्या शतांशात मोजावी एवढी फट असते आणि तिच्यात दाबाने ऑइल भरलेलं असतं. धातू धातूला टेकतच नाही, ऑइलवर तरंगतो. दाब गेला की टेकतो. टेकला की आधी टकटक, मग खडखड, मग शांतता. आणि ती शांतता महागात पडते. इंजिनावर एक छोटा ऑइल स्विच असतो. दाब साधारण अर्ध्या किलोच्या खाली गेला की तो दिवा लावतो. किती कमी, का कमी, कधीपासून कमी, यातलं काही त्या दिव्याला ठाऊक नसतं. तो फक्त लाल होतो. बाकीचं सगळं माणसं बोलतात.

पहिलं मत आलं 'वायर काढा' पक्षाचं. हा पक्ष देशभर आहे आणि कधी निवडणूक हरत नाही. स्विचवरची वायर काढली की दिवा जातो, दिवा गेला की दोष गेला. यात निम्मं तथ्य आहे हे वाईट. वायर काढून दिवा गेला नाही, तर वायरच कुठेतरी बॉडीला टेकते आहे आणि इंजिन निर्दोष आहे. एवढी तपासणी खरोखर करावी. पण ती करून वायर परत लावायची असते, हा दुसरा निम्मा भाग त्या पक्षाच्या जाहीरनाम्यात नाही.

दुसरं मत गाढ्या ऑइलचं. "वीस-पन्नास काढा, ट्रॅक्टरचं गाढं टाका. प्रेशर बघा कसं वर येतं!" येतंही. ऑइल घट्ट असलं की फटीतून सावकाश निघतं, दाब टिकतो. पण थंड इंजिनात तेच ऑइल जाळीतून वर चढायला वेळ लावतं, आणि झीज सगळ्यात जास्त होते ती गाडी सुरू करतानाच. हे ज्यांना सांगितलं ते म्हणाले, "बोईसरला कुठे थंडी आहे?" याला उत्तर नाही.

तिसरे आमचे शेजारी. अणुऊर्जा केंद्राच्या तीन-चार नंबरच्या युनिटवर इन्स्ट्रुमेंटेशनमधून निवृत्त. ते गाडीला प्रदक्षिणा घालून म्हणाले, "एकच दिवा?"

"हो."

"दुसरा चॅनेल?"

"नाही."

"म्हणजे एका सिग्नलवर तुम्ही निर्णय घेणार?" त्यांचा चेहरा पडला. "अहो, आमच्याकडे एकाच गोष्टीला तीन स्वतंत्र मोजमापं. तीनपैकी दोन जुळली तरच ट्रिप. एक बिघडलं तरी घोटाळा नको आणि एक खोटं बोललं तरी नको." त्यांनी अप्पांना आणखी दोन स्विच बसवण्याचा सल्ला दिला. अप्पांनी विचारलं, "कुठे?" ते म्हणाले, "ते मेकॅनिकल डिपार्टमेंट बघेल."

चौथे, गल्लीतले फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट. त्यांनी बॉनेटही उघडायला लावलं नाही. "व्हॉल्व्ह पास होतोय." एमआयडीसीत हे वाक्य चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. बंद असायला हवा तो व्हॉल्व्ह आतल्या आत गळतोय, असा त्याचा अर्थ. इंजिनात रिलीफ व्हॉल्व्ह असतो, स्प्रिंगवर टेकलेला. दाब फार वाढला की उघडून जादा ऑइल परत खाली सोडतो. त्याच्या बैठकीत कचरा अडकला तर तो कायम थोडा उघडा राहतो आणि दाब मिळतच नाही. निदान चूक नव्हतं, पण उपाय ऐका: "स्प्रिंगमागे दोन वॉशर टाका."

पाचवं मत एका गॅरेजचं. त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकला, मान हलवली आणि 'इंजिन उतरवावं लागेल' हे डॉक्टरी गांभीर्याने सांगितलं. क्रँक घासायचा, वीसच्या बेअरिंग टाकायच्या, बोअरिंग, पिस्टन, सगळं एकदम करून घ्यायचं. अंदाज चाळीस हजार. "पण प्रेशर किती आहे?" असं मी विचारलं. "कमी आहे ना! दिवा लागतोय."

आणि सहावा, सातपाटीचा तांडेल. अप्पा त्याच्याकडून वर्षानुवर्षं मासळी घेतात. त्याच्या बोटीच्या इंजिनाला दिवा नाही, काटा आहे. सगळं ऐकून तो म्हणाला, "काटा पडला का पयलं इंजिन बंद. मंग इचार." समुद्रात टोचन करायला कोणी येत नाही, त्यामुळे त्याचं मत इतरांपेक्षा थोडकं होतं. मला विचाराल तर सहांपैकी हे एकच मत पाठ करण्यासारखं आहे. ऑइलचा दिवा चालत्या गाडीत लागला तर घरापर्यंत नेऊ म्हणू नये. घर तिथेच राहतं, बेअरिंग राहत नाहीत.

आता गंमत पाहा. साडेदहा किलोवाले, सत्तरच्याही वरचे, सगळे येऊन गेले. प्रत्येकाकडे उपाय होता, पण मोजलं कोणीच नव्हतं. अप्पा स्वतःचं बीपी दिवसातून तीनदा मोजतात आणि कॅलेंडरवर लिहून ठेवतात. त्यांनाही हे सुचलं नव्हतं. जिथे हजारो प्रेशर गेज भिंतींवर लटकतात, त्या गावात एका फियाटसाठी एक गेज लावावा हे कोणाच्या मनात आलं नाही. ज्याला अनुभव जास्त, त्याला मोजण्याची गरज कमी वाटते; हे मी बऱ्याच क्षेत्रांत पाहिलं आहे, पण नावं घेत नाही.

गेजची आठवण पालघरच्या म्हाताऱ्या मेस्त्रींनी केली. त्यांनी गाडी आत घ्यायच्या आधीच विचारलं, "अप्पा, दाखवा कागद. किती दाखवतोय?" कागद नव्हता. "मग आधी काटा लावू. उतरवायला इंजिन कुठे पळून चाललंय."

गेज शेजाऱ्यांनी दिला. चांगला पितळी, आतमध्ये ती वाकडी नळी असलेला. १८४९ मध्ये पॅरिसच्या बूर्दाँने पेटंट घेतलेली ही युक्ती अजून तशीच चालते: नळीत दाब गेला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा ओढते. गेज मिळाला, पण आटे जुळेनात. एमआयडीसीतलं सगळं पाइपिंग इंची, फियाटचा आटा इटालियन मेट्रिक. अख्ख्या औद्योगिक वसाहतीत हा जोड कोणाकडे नव्हता. शेवटी चिंचणीच्या एका डायमेकरने लेथवर पितळेचा तुकडा फिरवून तो करून दिला. चिंचणी-वाणगाव पट्ट्यात दागिन्यांचे डाय घरोघर कोरतात; नथीच्या नक्षीवर ज्याची नजर बसलेली, त्याला आटा पाडणं म्हणजे डाव्या हाताचं काम. त्याने तो जोड असा चकाकता करून दिला की अप्पा म्हणाले, "हा बाहेरून दिसेल असा बसवा."

स्विच काढून त्या जागी गेज लागला. गार इंजिन सुरू केलं, काटा साडेतीन किलोवर. टाळ्या. मेस्त्री म्हणाले, "गारमध्ये सगळ्यांचंच चांगलं असतं. तापू द्या." गाडी जवळच्या माहीमपर्यंत फिरवून आणली. तापल्यावर आयडलला काटा ०.३ वर. रेस देऊन दोन हजार फेऱ्यांवर सव्वा. ढोबळ हिशेब असा की गरम इंजिनाला दर हजार फेऱ्यांमागे पाऊण किलोच्या आत-बाहेर दाब हवा. म्हणजे आयडलला निदान अर्धा, दोन हजारांवर दीड. दिवा खोटं बोलत नव्हता.

शेजाऱ्यांनी गेज उलटा करून पाठीमागचं स्टिकर पाहिलं. कॅलिब्रेशनची मुदत संपलेली. "हे रीडिंग ग्राह्य धरता येणार नाही," ते म्हणाले. गेज त्यांचाच होता.

मेस्त्रींचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी डिपस्टिक काढली, फडक्याने पुसली, परत घातली, काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर.

"कोणी भरलं?"

अप्पांची छाती फुगली. "कोणीच नाही. आपली गाडी थेंबभर ऑइल खात नाही. उलट वाढतं! गणपतीपासून भरलेलंच नाही." घरात या गोष्टीचं कौतुक होतं, हे मला मान्य केलं पाहिजे. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या. त्याच काळात गाडीचा ॲव्हरेज घसरला होता, त्याचा दोष अप्पांनी पेट्रोल पंपावरच्या पोराला देऊन टाकला होता. या दोन गोष्टी कोणी शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

मेस्त्रींनी डिपस्टिक नाकाशी नेली, मग अप्पांच्या नाकाशी. मग पेपरच्या पुरवणीच्या कोऱ्या कडेवर एक थेंब टाकला. काळा ठिपका मध्ये राहिला आणि त्याच्याभोवती फिकट, पातळ कडं पसरत गेलं. बघ्यांपैकी एकजण म्हणाला, "काडी लावून बघा, लगेच कळेल." बॉयलरवाल्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो घरी गेला. तारापूरच्या माणसापुढे असल्या सूचना करू नयेत.

ऑइलमध्ये पेट्रोल उतरत होतं. या गाडीचा पेट्रोल पंप यांत्रिक. गॅरेजवाले त्याला एसी पंप म्हणतात. थंड हवेशी त्याचा काही संबंध नाही. कॅमशाफ्ट त्याचा दांडा हलवतो, दांडा कापडी रबराचा डायफ्राम वर-खाली करतो, आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. डायफ्रामला चीर पडली की पेट्रोल खालच्या बाजूने सरळ इंजिनात उतरतं. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते अप्पांच्या काळच्या रबराला मानवत नाही. पातळ झालेलं ऑइल गार असताना कसंबसं उभं राहतं, तापलं की पाण्यासारखं फटीतून निसटतं. दिवा लागतो तो म्हणूनच, गरम आयडलला.

शेजारी एकदम खुलले. "बघा! दिवा एक, गेज दोन, नाक तीन. तीनपैकी तीन!" त्यांनी लगेच गेजचं रीडिंग तात्पुरतं ग्राह्य धरलं.

पंपाचा किट बदलला, ऑइल काढून टाकलं. काढायचंच होतं म्हणून मेस्त्रींनी चेंबरही उतरवला. चेंबर म्हणजे इंजिनाची तळातली परात, आणि माणसाच्या माळ्यासारखंच तिथे पिढ्यांचं साठलेलं असतं. बोटभर काळी साय. जाळीला चिकटलेले निळे-लाल सिलिकॉनचे तुकडे. कोणीतरी कधीतरी पॅकिंगला सढळ हाताने सिलिकॉन फासलं होतं, जास्तीचं आत लोंबलं, तुटलं आणि जाळीत अडकलं. पंपाला ऑइल ओढायला वाटच अर्धी उरली होती. ही तक्रार गॅरेजांत रोजची आहे आणि ती करणारे नेमके तेच असतात जे सिलिकॉन फासतात.

रिलीफ व्हॉल्व्ह काढला, तर स्प्रिंगमागे आधीच तीन वॉशर. बॉयलरवाल्यांचा कोणी पूर्वज इथे येऊन गेला होता. मेस्त्रींनी ते टेबलावर मांडले आणि म्हणाले, "याने गारमध्ये काटा वर दिसतो, बस." खरं आहे. आयडलला हा व्हॉल्व्ह बंदच असतो. बंद दाराला आणखी कड्या लावून घरात पैसे वाढत नाहीत. वॉशर गेले, बैठक साफ झाली.

राहिली बेअरिंग. इथे लोकांचा एक पक्का गैरसमज असतो की प्रेशर पंप तयार करतो. पंप फक्त ऑइल ढकलतो. पुढे वाट अरुंद असेल तर दाब तयार होतो, मोकळी असेल तर नाही. झिजलेल्या बेअरिंगवर नवा पंप बसवून उपयोग होत नाही तो यामुळे. मेस्त्रींनी एका बिग-एंडची कॅप सोडली, क्रँकवर केसाएवढा बारीक प्लॅस्टिकचा धागा आडवा ठेवला, कॅप पुन्हा मापात आवळली आणि परत सोडली. धागा चपटा झालेला. पाकिटावरच्या छापील पट्ट्यांशी त्याची रुंदी जुळवून पाहिली: फट सहा शतांश मिलिमीटर. हवी त्यापेक्षा थोडी जास्त. डायमेकर आपला जोड कसा बसला ते पाहायला आला होता. तो मायक्रोमीटर घेऊन वाकला आणि म्हणाला, "आमच्याकडे हे मापात धरत नाहीत." मेस्त्री म्हणाले, "तुमच्याकडे पंचावन्न वर्षं फिरतं काय?"

नवं ऑइल पडलं, साधं वीस-पन्नासच. तापवून गेज पाहिला: आयडलला ०.६, दोन हजारांवर दोन. नव्या इंजिनाचा आकडा नव्हे, पण पास. इंजिन उतरवायचं राहिलं, चाळीस हजार राहिले. गॅरेजवाल्यांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "आज ना उद्या उतरवावंच लागेल." हे कुठल्याही इंजिनाबाबत आणि कुठल्याही माणसाबाबत कधीही म्हणता येतं, त्यामुळे मी वाद घातला नाही.

अप्पांना एकच खंत आहे, आता ऑइल वाढत नाही. सासूबाईंनी पाहुण्यांना सांगायचं थांबवलं.

तेव्हा तुमच्या दारात अशी गाडी असेल आणि तो दिवा लागला, तर आधी इंजिन बंद करा. डिपस्टिक काढा, ऑइल कमी असेल तर भरा, पण जास्त झालं असेल तर पेढे वाटू नका, वास घ्या. मग कुठूनही गेज पैदा करून गरम इंजिनावर आकडा घ्या, कागदावर लिहा आणि तो कागद दाखवल्याशिवाय कोणालाही पान्याला हात लावू देऊ नका. गेज मागायला मात्र आमच्याकडे येऊ नये. शेजाऱ्यांनी तो कॅलिब्रेशनला पाठवला आहे आणि अजून परत आलेला नाही.